चहा निवेल असा फोटो

"माझा चहा निवेल असा एक फोटो आण. मग पुढचं बोलू."

एवढं बोलून हुद्दारमास्तरांनी बशी तोंडाला लावली आणि फुर्रकन रिकामी केली. स्टोव्हवरून उतरवलेला चहा ते तसाच कढत पीत. त्यांच्या जिभेला चटका बसलेला अख्ख्या कुरुंदवाडात कुणी पाहिला नव्हता. माझ्यापुढे पाण्याचं फुलपात्र होतं, कारण चातुर्मासात मी चहा सोडते. त्या दिवशी दिव्यांची अवस होती. घरातले दिवे घासून, पुजून मी माझे सगळ्यांत चांगले बावीस फोटो पिशवीत घालून मास्तरांकडे आले होते.

बावीस फोटो बघायला त्यांना दीड कप चहा पुरला.

"ही कोण?"

"पाटलांची धाकटी सून."

"आणि ही?"

"बँकेतल्या साहेबांची मुलगी. साखरपुड्यातला आहे."

"दोघींचं हसू एकच आहे की गं, इंदू. एकच हसू सगळ्यांना आळीपाळीनं घालायला देतेस काय?"

मी ओशाळले. आमच्या स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट आणि एक टाय असे. ज्याला लग्नासाठी फोटो पाठवायचा असेल तो आपला सदरा झाकून तो कोट घाली. बाबांच्या हयातीत त्या एका कोटावर निम्म्या गावाची लग्नं जमली. मास्तरांना तो कोट चांगला माहीत होता. ते बाबांचे मित्र, आणि धंद्यातले एकुलते एक वैरी. दोघांनी समोरासमोर स्टुडिओ काढले, जन्मभर एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवली आणि रोज दुपारी एकत्र चहा प्यायले. बाबा गेल्यावर वर्षभरातच मास्तरांनी आपला स्टुडिओ बंद केला. भांडायला कुणी उरलं नाही, असं त्याचं कारण सांगत.

"मास्तर, मी काय करू ते सांगा," मी म्हटलं. "स्टुडिओ चालवायला लागून अकरा वर्षं झाली. हल्ली कॅमेरा उचलला की हात जड होतो. लग्नाला लोक व्हिडिओवाला बोलावतात आणि मला म्हणतात, बाई, तुम्ही जरा त्याच्या उजेडातनं बाजूला व्हा. कन्याशाळेत कारकुनाची जागा आहे. आमच्या ह्यांनी शब्द टाकलाय. गणपती बसायच्या आत हो की नाही ते कळवायचंय."

"मग तुझ्या देवाला विचार. एवढे उपास करतेस त्याचे."

"विचारलं. त्यानं तुमच्याकडे पाठवलं."

मास्तर खो खो हसले. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण उत्तर आवडलं की ते देवालाही गुण देत. मग बशी पालथी घालून त्यांनी ती अट सांगितली. गणपती बसायच्या आत एक फोटो. तो बघताना त्यांचा चहा निवला, तर स्टुडिओ चालवायचा. नाही निवला, तर मुकाट्यानं शाळेत जाऊन मस्टरवर सह्या करायच्या.

"आणि उगाच पावसाळी ढग, होडी, सूर्यास्त असलं आणू नकोस," ते दारातून ओरडले. "ढगांना कुणीही पकडतं!"

मी चातुर्मासात काय काय पाळते ते इथं सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला. पहाटे देवापुढे तेहतीस गोपद्मं काढायची. एकवेळ जेवायचं. आणि श्रावणातल्या सोमवारी मौन. सकाळी स्नान झाल्यापासून तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हा आईचा वसा. ती गेली त्या वर्षी मी तो उचलला आणि तेव्हापासून एकदाही मोडला नव्हता. सोमवारी स्टुडिओ बंद ठेवत असे. मुकं राहून फोटो कसा काढणार? आमचा निम्मा धंदा तोंडावर चालतो. हनुवटी खाली, खांदे सैल, इकडे बघा, हसा, हलू नका.

नागपंचमीला देवळात नांद्रेकरांच्या माई भेटल्या. त्यांच्या आप्पांना एक्याऐंशी पुरी होत होती. सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं.

"फोटोला तूच ये हो, इंदू. ह्यांचा जन्म श्रावण शुद्ध दशमीचा. सकाळी आठला औक्षण."

पंचांग न उघडता तिथी सांगते, म्हणून गावात माझं कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते होतं. मी तिथंच बोटांची पेरं मोजली. आज गुरुवारी पंचमी, म्हणजे दशमी मंगळवारी. "येते," म्हटलं.

रविवारी संध्याकाळी माईंची सून सुमेधा आली, हातात चिवड्याचा डबा.

"वहिनी, उद्या आठला हं. सासूबाईंनी आठवण करायला सांगितलंय."

"उद्या? मंगळवारी ना?"

"अहो, अष्टमीचा क्षय आहे ना यंदा! उद्याच दशमी."

ती गेल्यावर मी पंचांग उघडलं. अष्टमी खरंच गायब होती. एक तिथी सूर्य उगवायच्या आत येऊन निघूनही गेली होती, आणि मी मात्र तिला पेरावर मोजून मोकळी झाले होते.

आमचे हे शाळेच्या वह्या तपासत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मौन मंगळवारी कर या वेळी. शंकर काही हजेरी घेत नाही."

"असं कसं म्हणता!"

"मग त्यांना नाही म्हणून सांग."

"शब्द दिलाय माईंना."

"म्हणजे वसाही मोडायचा नाही आणि शब्दही मोडायचा नाही." त्यांनी वही मिटली. "ठीक आहे. मुकी जा."

"आणि लोकांना सांगू कशी, इकडे बघा म्हणून?"

"इतकी वर्षं मला डोळ्यांनीच तर सांगत आलीस सगळं."

आणि त्यांनी लाल शाईत, फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात एक चिठ्ठी लिहून दिली. 'आज सोमवारचे मौन आहे. कृपया सांभाळून घ्यावे.' ती मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला टाचणीनं लावली आणि सकाळी निघाले.

नांद्रेकरांच्या अंगणात मांडव पडला होता. पाटाभोवती रांगोळी, पाटावर आप्पा, अंगावर नवं उपरणं. आप्पा म्हणजे कडक माणूस. तलाठी होते. त्यांच्या आवाजानं बांध सरळ होतात, असं लोक म्हणत. दारातच बाहेरगावाहून मुक्कामाला आलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीनं, गोदाआत्यांनी, मला अडवलं. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती हातभर लांब धरून पाहिली.

"चष्मा आत राहिला बाई. काय लिहिलंय? काय झालंय हिला?"

मी ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले.

"अगंबाई! वाचा गेली वाटतं! आणि ऐकू? ऐकू येतं का गं तुला?"

मी मान हलवायच्या आतच आत्या वळल्या आणि मांडवभर पुकारा झाला. "अहो, फोटोवालीला बोलता येत नाही नि ऐकूही येत नाही! कुणी तिला हाका मारू नका, बिचारी गोंधळेल!"

माईंनी मात्र चिठ्ठी वाचली होती. त्या माझ्याकडे बघून पदराआड हसल्या आणि त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. सुमेधा आत दिव्यांच्या वाती वळण्यात गुंतली होती.

पुढचे दोन तास मी त्या मांडवात असून नसल्यासारखी होते. एरवी मी शिरले की माणसं पदर सारखे करतात, पोट आत घेतात. त्या दिवशी कुणी माझ्याकडे बघेना. माझ्या कानाशी उभं राहून आत्या सुमेधेच्या जाऊबाईंना सांगत होत्या, "लाडू बुंदीचे केलेत पण वेलदोडा नुसता दाखवलाय." जाऊबाई म्हणाल्या, "हळू बोला, ती फोटोवाली..." "तिला कुठं ऐकू येतंय!" मग दोघी तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की आत्यांची नथ कानापर्यंत गेली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. "आत्या, नथ सरळ करा आणि इकडे बघा," हे जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं आणि कळ दाबली.

आप्पांचे थोरले, वसंतराव, एरवी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे असतात, ते आज मांडवाच्या कोपऱ्यात भटजींना विचारत होते, "अजून किती वेळ? नाही, घाई नाही, आप्पांना भूक लागते साडेनवाला." त्यांच्या मुठीत आप्पांसाठी एक केळं लपवलेलं होतं. तेही घेतलं.

मग औक्षण. मोठ्या परातीत एक्याऐंशी दिवे लावले होते, सुमेधा आणि तिची जाऊ दोन बाजूंनी परात धरून उभ्या. दिवे पेटले तेव्हा ढगाळ सकाळीसुद्धा आप्पांचा चेहरा उजळून निघाला. पण परात ओवाळायला उचलली आणि वारा फिरला. एक्याऐंशी वातींचा धूर सरळ आप्पांच्या तोंडावर. ते खोकले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कपाळावरचं ओलं कुंकू नाकावर ओघळलं. हात पुढे करून ते चाचपडायला लागले.

"थांबा गं! परात मागे घ्या!" माई मागून वाट काढत आल्या. त्यांनी आप्पांचा हात धरून खाली केला आणि पदराचं टोक पुढे आणलं. "मिटा. डोळे मिटा म्हणते ना!"

आणि आप्पांनी डोळे मिटले. नुसते मिटले नाहीत, चेहरा वर करून माईंच्या पुढे धरला, शाळेत जाताना लेकरू आईपुढे धरतं तसा. माईंनी एक डोळा पुसला, दुसरा पुसला, नाकावरचं कुंकू पुसलं. मग पुसायला काही उरलं नव्हतं तरी हात तिथंच राहिला, क्षणभर.

माझ्या ओठांवर सगळी सवयीची वाक्यं एकदम आली. माई, बाजूला व्हा. आप्पा, डोळे उघडा, इकडे बघा. दात दाबून मी ती आत ठेवली. फ्लॅश अजून पुन्हा चार्ज झाला नव्हता, म्हणून परातीतल्या दिव्यांच्या उजेडावरच भिस्त ठेवली, श्वास धरला आणि कळ दाबली. मग माई मागे सरल्या, आप्पांनी डोळे उघडून सगळ्यांवर वटारले आणि औक्षण पुढे सुरू झालं.

शेवटी वसंतरावांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं. मी तीन बोटं वर केली. एक, दोन, तीन. "काय म्हणते?" "तीन माणसं बाजूला व्हा म्हणते." "कोण तीन?" "तू जाड आहेस, तू हो!" एवढ्यात रीळ संपलं.

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला. मागे हे उभे होते.

"कसे आले फोटो?"

"वाया गेलं सगळं रीळ," मी म्हटलं. त्या दिवसाचे माझे पहिले शब्द हेच. आमच्या धंद्यात मिटलेल्या डोळ्यांचा फोटो म्हणजे फुकट गेलेला फोटो. बाबा तसे फोटो गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नसत.

कोल्हापूरच्या लॅबमधून फोटो यायला दहा दिवस लागले. पाकीट न उघडताच मी ते नांद्रेकरांकडे घेऊन गेले. उघडलं असतं तर गेलेच नसते. वसंतरावांनी पत्ते पिसावेत तसे सगळे फोटो चाळले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"वहिनी, राग मानू नका. छत्तीस फोटोंत एक माणूस सरळ बघत नाही. आम्ही काय चोर आहोत? आणि हा मी, केळं घेऊन! हे सगळं कुणीतरी खिडकीतून बघितल्यासारखं वाटतंय."

"चुकलं माझं," मी हळूच म्हटलं. "मी बोलू शकत नव्हते त्या दिवशी."

"वेलदोड्याचं ऐकलंस वाटतं सगळं!" आतून गोदाआत्या ओरडल्या, आणि सुमेधेला हसू आवरेना.

माईंनी ढिगातला एक फोटो उचलला होता. त्या तो दारातल्या उजेडात धरून उभ्या राहिल्या.

"तो बाजूला ठेव, आई," वसंतराव म्हणाले. "त्यात आप्पांचे डोळे मिटलेत."

"एकसष्ट वर्षं झाली लग्नाला," माई म्हणाल्या. "वटारलेले पाहिले, लाल झालेले पाहिले. मिटलेले आज बघते. हा माझा."

"काय आहे? बघू इकडे." झोपाळ्यावरून आप्पांचा तलाठी आवाज आला. त्यांनी फोटो घेतला. बराच वेळ झोपाळा हलला नाही. मग त्यांनी तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबला.

"अहो, माझा आहे तो!"

"तुला दुसरा काढायला सांग."

मला हसू आलं आणि धडकीही भरली, कारण तोवर मलाही तो दिसला होता, आणि मास्तरांना दाखवायचा तोच, हे कळलं होतं. आप्पांच्या खिशात हात घालायची कुणाची हिंमत? निगेटिव्ह पुन्हा कोल्हापूरला पाठवली, दोन प्रती सांगितल्या.

मी निघताना माई फाटकापर्यंत आल्या.

"मी चौऱ्याहत्तर पुरी करीन या नवरात्रात. आश्विन शुद्ध द्वितीया, दुसरी माळ. बायकांचं सहस्रचंद्रदर्शन आमच्या घरात कुणी केलं नाही आजवर. पण सात वर्षांनी, असले तर, तू ये. अशीच ये, न बोलता. येशील?"

"येईन, माई."

प्रती आल्या त्या हरतालिकेच्या दिवशी सकाळी. दुसऱ्या दिवशी गणपती. निर्जळी उपास होता. तशीच मास्तरांकडे गेले.

"आज पाणीसुद्धा नाही ना?" मास्तरांनी विचारलं. "बरं. माझ्या एकट्यापुरता टाकतो."

चहा उकळला, गाळला, बशीत ओतला गेला. मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसले. फुर्र असा आवाज येईल म्हणून कान तिकडेच होते. आला नाही. रस्त्यावरून कुणाचा तरी गणपती पाटावरून, रुमालाखाली, घरी चालला होता. झांजा दूर गेल्या. मी हळूच वळून पाहिलं. मास्तरांनी फोटो दोन्ही हातांत धरला होता. बशीतल्या चहावर साय धरली होती, आणि तिच्यावर एक सुरकुती पडली होती.

"तू काय सांगितलंस त्यांना?" फोटोवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काही म्हणजे काही?"

"मौन होतं, मास्तर. सोमवार होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं.

"मी आणि तुझा बाप," ते म्हणाले, "जन्मभर माणसांना 'हलू नका, हलू नका' सांगत राहिलो." मग उठून त्यांनी तो निवलेला चहा मोरीत ओतला आणि स्टोव्हला पुन्हा पंप मारायला लागले. "तुझ्या देवाला सांग, एक चहा देणं लागतो माझं."

घरी आले तर हे उंबऱ्यातच उभे, खिशात हात.

"कन्याशाळेला पत्र लिहायचंय," मी म्हटलं.

"लिहून ठेवलंय." त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. मग दुसरं काढलं. "दोन लिहिलीत. एक 'हो'चं, एक 'नाही'चं. कुठलं टाकू?"

मी 'नाही'चं घेतलं आणि स्वतःच जाऊन पेटीत टाकून आले. 'हो'च्या कार्डाच्या कोऱ्या बाजूवर ह्यांनी पुढे दोन महिने वाण्याच्या याद्या लिहिल्या.

त्या गोष्टीला सात वर्षं झाली. कोट अजून खुंटीला आहे, पण फारसं कुणी मागत नाही. लोक घरी बोलावतात, आणि जरा वेळानं मी तिथं आहे हे विसरतात. माझं काम तेवढंच.

परवा दुपारी स्टुडिओच्या पायरीवर काठी वाजली. वर पाहिलं तर आप्पा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, घाम पुसत, एकटेच चालत आलेले.

"दुसऱ्या माळेला सकाळी आठला ये," त्यांनी हुकूम सोडला. "एक्याऐंशी दिवे लावणार आहे मी तिच्यासाठी. सोमवार नाही, क्षय नाही. मी स्वतः पंचांग बघितलंय, तुझ्या बोटांवर विसंबलो नाही." जायला वळले आणि थांबले. बंडीवर हात ठेवून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "धूर झालाच तर पदर नाही माझ्याकडे. उपरणं चालेल ना?"

"चालेल, आप्पा."

आज दुसरी माळ. पहाटे गोपद्मं काढून झाली, घटाला माळ चढवली. बुधवार आहे, मौनाचा वार नव्हे. ह्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "चिठ्ठी लिहून देऊ?" मी तोंड न उघडता नुसती मान हलवली. माईंना दिलेला शब्द त्यांच्या लक्षात आला. त्यांनी फक्त छत्री आणून दारात ठेवली. मी नवं रीळ भरलं, फ्लॅश कपाटातच राहू दिला, देवाला नमस्कार केला आणि पायात चपला सरकवल्या.